बेचाळीस नंबरची आठ मिनिटं

मिनिटराव गादीवर उताणे पडून पाठीला कसं वाटतंय याचा अंदाज घेत होते, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. गादी दुकानातली होती, प्लॅस्टिकच्या आवरणासकट, आणि ती त्यांना अजिबात घ्यायची नव्हती. घ्यायची होती ती बायकोसाठी, म्हणजे बाईंसाठी, एक उंच बैठकीची खुर्ची, उठताना गुडघ्यांना त्रास न देणारी. पण विक्रेता म्हणाला, "काका, पडून तर बघा, बघायला काय जातंय," आणि मिनिटराव खरंच पडले, कारण गादी ठेवली होती ती जागा त्यांच्या ओळखीची होती. वर छताला तीच लोखंडी तुळई, तिच्यावर तेच अकरा रिवेट. पंधरा वर्षांपूर्वी ही इमारत स्टेशन होती. खाली, जिथे आता जेवणाची टेबलं आणि कपाटं मांडली आहेत, तिथे तिकिटांच्या खिडक्या होत्या. आणि वर, गाद्यांच्या या विभागात, गाड्यांची वेळापत्रकं तयार करणारं ऑफिस. बरोबर या गादीच्या जागी मिनिटरावांचं टेबल होतं. एकतीस वर्षं ते इथे ताठ बसले. आडवं व्हायची ही पहिलीच वेळ, आणि नेमका तेव्हाच फोन वाजावा याचा त्यांना थोडा रागही आला.

निरोप चष्मेवाल्याचा होता. हा चाळिशी ओलांडलेला गृहस्थ पोटापाण्यासाठी चष्म्यांचं दुकान चालवायचा आणि उरलेल्या वेळात बंद पडलेल्या बेचाळीस नंबरच्या गाडीचा इतिहास लिहायचा. कॉलेजच्या दिवसांत तो त्या गाडीने ये-जा करायचा, आणि एखाद्याला पहिलं प्रेम विसरता येऊ नये तशी त्याला ती गाडी विसरता येत नव्हती. गेल्या दोन वर्षांत त्याने मिनिटरावांना त्रेसष्ट प्रश्न विचारले होते. डबे किती, इंजिन कधी बदललं, रविवारी पाच मिनिटं उशिरा का निघायची, दुसऱ्या वर्गातली बाकं हिरवी का झाली. मिनिटरावांनी त्रेसष्टच्या त्रेसष्ट उत्तरं एकही कागद न उघडता दिली होती, आणि तीही अशा थाटात, की विचारणाऱ्याला पुन्हा तपासून घ्यायची लाज वाटावी. आता चौसष्टावा आला होता. "साहेब, पुस्तक दुपारी चारला छापायला जातंय. एकच जागा रिकामी आहे. बेचाळीस नंबर सगळ्या स्टेशनांवर दोन मिनिटं थांबायची, फक्त मधल्या गावी आठ. का? कागदपत्रांत कुठेच सापडत नाही. 'कारण अज्ञात' असं छापू?"

मिनिटराव उठून बसले. गादीने हुश्श केलं. अज्ञात हा शब्द त्यांना खड्यासारखा टोचला. त्यांच्या वेळापत्रकात अज्ञात असं काही नसायचं. रिकामा चौकोनसुद्धा त्यांनी मुद्दाम रिकामा ठेवलेला असायचा. आणि या आठ मिनिटांचं कारण तर जगात त्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. विभागाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, बाई एका करड्या खुर्चीच्या हातावर कोपर टेकून तिची मजबुती पाहत होत्या. चौतीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे त्यांना सगळं जग बाई म्हणायचं, आणि कुठल्याशा वर्षी मिनिटरावही चेष्टेत म्हणू लागले ते तसंच राहून गेलं. लांबून त्या खुर्चीची तोंडी परीक्षा घेत असल्यासारख्या दिसत होत्या.

त्यांचं ते जुनं टेबल लांब होतं, आठ हातांचं. त्यावर एक कागद पसरलेला असायचा: उभ्या बाजूला एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंतची स्टेशनं, आडव्या बाजूला दिवसाचे तास. प्रत्येक गाडी म्हणजे त्या कागदावरची एक तिरपी रेघ. वेगाची गाडी असली तर रेघ चढी, रेंगाळणारी असली तर लोळत गेल्यासारखी, आणि जिथे गाडी उभी राहते तिथे रेघेला एक छोटी सपाट पायरी. रूळ एकेरी, म्हणून समोरासमोरच्या दोन गाड्यांपैकी एकीला स्टेशनात बाजूला उभं राहून दुसरीला वाट द्यावी लागायची. याला सगळे क्रॉसिंग म्हणायचे. कुठे दोन रेघा भलत्याच जागी एकमेकींना छेदल्या की समजायचं, कागदावर अपघात झाला. खोडरबर घ्यायचा आणि तो निस्तरायचा. मिनिटरावांना हे काम पहिल्या दिवसापासून जमलं. टोकदार पेन्सिल, स्टीलची पट्टी, आणि डोक्यात सगळ्या गाड्या एकाच वेळी चालू. टोपणनाव पहिल्याच वर्षी पडलं. कुणी चहाला बोलावलं तर ते म्हणायचे, "चार मिनिटांत येतो," आणि चार मिनिटांत यायचे.

बेचाळीस नंबर सुरू करायची ठरली तेव्हा त्यांचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि संसार होता शनिवार-रविवारचा. ती मधल्या गावच्या शाळेत, तिथेच खोली घेऊन राहणारी. हे इथे आईजवळ. नवी गाडी दुपारी दोन चाळीसला पलीकडच्या शहरातून निघणार आणि पाच वाजून सहा मिनिटांनी मधल्या गावी पोचणार. शाळा पाचला सुटायची. शाळेपासून स्टेशन चालत बारा मिनिटं. हे अंतर मिनिटरावांनी स्वतः दोनदा चालून मोजलं होतं, एकदा आपल्या चालीने आणि एकदा तिच्या. म्हणजे ती फलाटावर येणार पाच बाराला, आणि दोन मिनिटं थांबून गाडी गेलेली असणार पाच आठलाच. त्या दुपारी त्यांनी पेन्सिल उचलली आणि ती सपाट पायरी सहा मिनिटांनी लांबवली. बस्स, एवढंच. नखाएवढी रेघ. मोठ्या साहेबांनी विचारलं, "इथे आठ मिनिटं कशाला हो?" मिनिटराव पापणी न हलवता म्हणाले, "इंजिनाला पाणी, साहेब." साहेबांनी सही ठोकली, आणि पुढच्या महिन्यापासून बायको रोज रात्रीच्या जेवणाला घरी असू लागली. सुरुवातीला तर तिला समोर बसून जेवताना बघून मिनिटराव आमटी वाढून घ्यायला विसरायचे.

पाण्याचं कारण चार वर्षं टिकलं. मग डिझेलची इंजिनं आली, त्यांना कसलं पाणी? दुसरा माणूस असता तर घाबरून थांबा कमी करून मोकळा झाला असता. मिनिटरावांनी एक मालगाडी हलवली. ही मालगाडी बापडी तीन स्टेशनं पलीकडे आपल्या वेळेला बाजूला उभी राहायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी तिला सदतीस मिनिटं लवकर आणून मधल्या गावी बेचाळीस नंबरच्या समोर उभं केलं आणि रकान्यात लिहिलं: क्रॉसिंग. आता खोटं काहीच राहिलं नव्हतं. बेचाळीस नंबर खरोखरच मालगाडीसाठी थांबत होती, आणि मालगाडी मिनिटरावांच्या बायकोसाठी. चौतीस डब्यांची, दीड हजार टन कोळशाची ती गाडी रोज संध्याकाळी एका मास्तरणीची वाट पाहते आहे, या विचाराने त्यांना ऑफिसात बसल्या बसल्या हसू फुटायचं आणि मग खोकल्याचं निमित्त करावं लागायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाईंनाही नाही. आधी वाटलं, नोकरीचा प्रश्न आहे, बोभाटा नको. पुढे वाटलं, योग्य वेळी सांगू. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, निवृत्तीच्या दिवशी, कधीतरी असं, की ऐकून ती बघतच राहील. असं एक गुपित खिशात असलेला माणूस घरातल्या भांडणातही जरा तोऱ्यातच असतो. बाई म्हणायच्या, "तुम्ही माझ्यासाठी कधी काही केलंय का?" आणि मिनिटराव मनातल्या मनात म्हणायचे, रोज सहा मिनिटं. बेचाळीस नंबर कधी उशिरा आली नाही, हे मात्र ते उघडपणे सांगत सुटायचे. सव्वीस वर्षं ती सहा चव्वेचाळीसला आली म्हणजे आली.

आणि इथेच तो खडा होता. मघाशी टोचला तो "अज्ञात" हा शब्द नव्हताच, हा होता. सव्विसाव्या वर्षी वरून एक कागद आला: ज्या गाड्या दोन शहरांमधलं अंतर चार तासांच्या आत कापतात त्या ठेवाव्यात, बाकीच्यांच्या जागी बसगाड्या सोडाव्यात. बेचाळीस नंबरला लागायचे चार तास चार मिनिटं. मिनिटराव या गादीच्या जागी बसले होते, खोडरबर उजव्या हाताला होता, आणि चार तास चार मिनिटांतून सहा गेली की तीन तास अठ्ठावन्न, हे दुसरीतल्या पोरालाही आलं असतं. त्यांनी रबर उचललासुद्धा. पण बाईंची नोकरी तीन वर्षं शिल्लक होती. ती सहा मिनिटं काढली तर गाडी राहणार, आणि बाई फलाटावर राहणार. त्यांनी रबर खाली ठेवला. त्यांची खात्री होती की असली गाडी कुणी चार मिनिटांसाठी बंद करणार नाही. कधी उशीर नाही, कधी तक्रार नाही. वर कुणीतरी शहाणा माणूस बसला असेलच. स्वतःवरचा विश्वास ही चांगली गोष्ट खरी, पण मिनिटरावांनी त्या दिवशी तो वरच्या माणसांवरही ठेवला. अकरा महिन्यांनी बेचाळीस नंबर बंद झाली. ती या स्टेशनातली शेवटची गाडी होती, म्हणून स्टेशनही गेलं. चष्मेवाल्याच्या इतिहासात कारण लिहिलं होतं: "बसवाहतुकीची स्पर्धा." ते प्रकरण मिनिटरावांनीच तपासून दिलं होतं, आणि त्या ओळीपाशी बरोबरची खूणही केली होती. बाई उरलेली दोन वर्षं बसने गेल्या. उंच पायऱ्यांची बस, निम्मा रस्ता उभ्याने. गुडघे तेव्हापासूनचे.

म्हणजे त्या आठ मिनिटांनी गाडीही गेली, आणि शेवटी जिच्यासाठी एवढं केलं तिचे गुडघेही गेले. पंधरा वर्षं हा हिशोब मिनिटरावांनी मांडलाच नव्हता. मांडता येत नव्हता असं नाही. मिनिटांच्या बाबतीत त्यांना न येण्यासारखं काही नव्हतं. आता मांडला. लाज वाटली, स्वच्छ आणि सरळ लाज, चोरी पकडली गेल्यावर वाटते तशी. पण ते डगमगणारे गृहस्थ नव्हते. चूक रेघेत असेल तर रेघ खोडायची, नवी काढायची, त्यात रडण्यासारखं काय? मात्र चष्मेवाल्याला सांगण्याआधी बाईंना सांगायला हवं. छापलेल्या पुस्तकात वाचून तिला कळलं तर आपली धडगत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

बाई आता त्या करड्या खुर्चीत बसल्या होत्या. "बरी आहे हो," त्या म्हणाल्या, "पण हात जरा रुंद हवे होते. आणि तुम्ही काय गादीवर झोपा काढताय? लोक बघतायत."

मिनिटरावांनी शेजारचं गोल स्टूल ओढलं. "तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "बेचाळीस नंबर मधल्या गावी आठ मिनिटं थांबायची, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं?"

"ती मी थांबवली होती. तुझ्यासाठी. तू शाळेतून पोचेपर्यंत." हे वाक्य त्यांनी सव्वीस अधिक पंधरा वर्षं जपून ठेवलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते अगदीच लहान निघालं.

बाई खुर्चीची पाठ मागे झुकते का ते बघत होत्या. झुकली. "मग?"

"मग काय मग? तुला माहीत होतं?"

"अहो, त्या मालगाडीचा गार्ड रोज मला हात करायचा. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, 'बाई, तुमच्या साहेबांनी आम्हाला इथं आणून बसवलंय, आता निदान आमच्या पोराला पास तरी करा.'"

मिनिटरावांना हसावं की चिडावं कळेना. जगातलं त्यांचं एकमेव गुपित एका गार्डाने फलाटावर जाहीर केलं होतं, आणि त्यानंतरची बावीस वर्षं ते घरात तोऱ्याने वावरले होते. "केलं का त्याच्या पोराला पास?"

"त्याचा तो झाला. हुशार होता."

आता उरलेलं सांगणं भाग होतं. त्यांनी सांगितलं: चार तासांचा नियम, ती चार मिनिटं, हातात घेतलेला आणि खाली ठेवलेला रबर. आवाज त्यांनी ऑफिसातला लावला होता, अहवाल वाचतानाचा, कारण दुसरा कुठला लावला असता तर फुटला असता. "तुझी गाडी चुकू नये म्हणून ठेवली ती मिनिटं," ते म्हणाले, "आणि तुलाच बसने जावं लागलं. हे गुडघे माझ्यामुळे."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीखाली, जिथे एकेकाळी फलाट होता, तिथे एक माणूस टेम्पोत सोफा चढवत होता आणि दुसरा त्याला नुसतेच सल्ले देत होता. "माझी गाडी चुकली नसती," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"शाळा पाचला सुटायची ती पहिली दोन वर्षं. मग दहा मिनिटं लवकर सुटायला लागली. पाच दोनला मी फलाटावर असायची. गाडी यायच्या आधी."

मिनिटराव स्टुलावर बसल्या बसल्या कागदासमोर जाऊन पोचले. पाच दोन. गाडी पाच सहाला. दोन मिनिटांचा थांबा पुरला असता, चांगला पुरला असता. चोवीस वर्षं ती पायरी नुसती पोकळ होती, आणि मालगाडी कोळशासकट फुकट उभी होती. खोडरबर उचलला तेव्हा खरं तर एकच वाक्य कमी पडलं होतं. "मग सांगितलं का नाहीस?" हे त्यांनी इतक्या मोठ्याने विचारलं, की कपाटांकडचं एक जोडपं वळून बघू लागलं.

"कारण तुम्ही लगेच रबर घेऊन बसला असतात." बाईंनी आवाज चढवला नाही, चौतीस वर्षांत त्यांना तो कधी चढवावा लागला नव्हता. "सकाळी उठल्यापासून तुमच्या आई, मग मुलगा, मग बेचाळीस पोरं, मग हेडमास्तर. फलाटावर पालक. इकडे उतरले की परत भाजी, आई, अभ्यास, तुम्ही. गाडी हलली की मी वह्या तपासायला काढायची. पण गाडी उभी असली की वह्या उघडायच्या नाहीत, असा माझा नियम होता. शेवटच्या डब्यात खिडकीशी बसायची, चपला काढायची, आणि आठ मिनिटं काही करायची नाही. समोर ती मालगाडी यायची आणि सगळं झाकून टाकायची. ना गाव दिसायचं, ना माणसं. मला कुणी हाक मारत नव्हतं हो तेवढा वेळ. दिवसातून तेवढाच." मग म्हणाल्या, "गाडी त्याच्यामुळे जाईल, हे मला कुठे ठाऊक होतं? तुम्हीही नाही सांगितलंत."

मिनिटरावांना राग यायला हवा होता, आणि अर्धा क्षण आलाही. मग तो जिथून आला तिथे निघून गेला. त्यांना वाटत आलं होतं की आपण तिला दिली ती सहा मिनिटं, आणि तीही धावत येऊन पकडण्यापुरती. तिने त्यांची आठ करून घेतली होती आणि पुरी वापरली होती. एवढी वर्षं त्या कागदावरची एकही रेघ आपल्याला अनोळखी नाही अशी त्यांची समजूत होती, आणि त्या नखाएवढ्या पायरीवर चपला काढून कोण बसलंय हेच त्यांना दिसलं नव्हतं. गाडी गेल्याचं वाईट वाटलं, फार वाटलं. पण ती आठ मिनिटं वाया गेली असं मात्र कुणी म्हणायचं कारण नव्हतं, आणि म्हटलं असतं तर मिनिटरावांनी त्याला इथल्या जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

"बघून घे खुर्ची नीट," ते म्हणाले, आणि उठून पुन्हा आपल्या टेबलाच्या जागी, म्हणजे गादीपाशी, गेले. पावणेचार. चष्मेवाल्याने पहिल्या घंटीलाच फोन उचलला.

"अज्ञात खोडा," मिनिटराव म्हणाले. "कारण मी. थांबा मी वाढवला, आधी पाण्याच्या नावाने, मग क्रॉसिंगच्या. नियमात बसत नव्हता. आणि ते बस आणि स्पर्धा काय लिहिलंय तेही खोडा. ती सहा मिनिटं काढली असती तर गाडी चार तासांच्या आत आली असती आणि राहिली असती. मी काढली नाहीत. हे असंच छापा, माझ्या हुद्द्यासकट."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. हा माणूस या गाडीवर कॉलेजपासून जीव लावून होता, हे मिनिटरावांना ठाऊक होतं. "साहेब," चष्मेवाला शेवटी म्हणाला, "लोक बोलतील तुम्हाला."

"बोलू देत. बरोबरच बोलतील."

"पण वाढवला कशासाठी? तेही लिहावं लागेल ना? पंधरा मिनिटं आहेत हातात."

मिनिटरावांनी खिडकीकडे पाहिलं. करड्या खुर्चीत बाई मागे टेकल्या होत्या. डोळे मिटलेले नव्हते, पण कशाकडे पाहतही नव्हते. दोन्ही चपला खुर्चीखाली शेजारी शेजारी काढून ठेवल्या होत्या आणि पायाची बोटं फरशीवर मोकळी पसरली होती. अशी ती त्यांना कधी दिसली नव्हती. चोवीस वर्षं रोज अशी बसत होती, त्यांच्या रेघेवर, आणि त्यांना पहिल्यांदा दिसत होती.

"ज्या प्रवाशासाठी वाढवला, त्याला विचारून सांगतो," ते म्हणाले. "आत्ता नाही. आठ मिनिटांनी."

फोन खिशात ठेवला तोच विक्रेता पावतीचं पुस्तक घेऊन गाद्यांमधून वाट काढत खिडकीकडे निघालेला दिसला. "मॅडमना विचारतो, हीच नक्की करायची का," असं म्हणत तो मिनिटरावांना ओलांडून जाणार, तेवढ्यात मिनिटरावांनी त्याच्या वाटेत येऊन हात आडवा केला.

"थांबा," ते म्हणाले.

"का हो काका? काय झालं?"

मिनिटरावांनी घड्याळ पाहिलं नाही. विक्रेत्याकडे तोंड आणि बाईंकडे पाठ करून ते मधल्या वाटेत पाय रोवून उभे राहिले, म्हणजे त्यांच्या पलीकडचं गाव तिला दिसू नये, माणसं दिसू नयेत.

"क्रॉसिंग आहे," ते म्हणाले.